खेड्यात टिकेल असा लिनक्सचा लॅपटॉप कसा निवडावा?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. घरात २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यावर विंडोज १० असून त्याचे अपडेट आता बंद झाले आहेत आणि विंडोज ११ त्यावर बसत नाही. मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे, तिला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे. मला शाळेची ऑनलाइन कामे, प्रश्नपत्रिका आणि मराठी टंकलेखन करावे लागते. आम्ही विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली वापरायचे ठरवले आहे. तीस हजारांपर्यंत कोणता लॅपटॉप घ्यावा? आमच्याकडे वीज सारखी जात-येत असते आणि दुरुस्तीसाठी यवतमाळ गाठावे लागते.

उत्तर:

नमस्कार सर,

माझी अठरा वर्षे तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्त करण्यात गेली आणि त्यांतील शेवटची दहा वर्षे मी गिऱ्हाइकांना लिनक्स बसवून देत आलो आहे. त्या अनुभवावरून आधी तुमचा प्रश्नच थोडा बदलून घेतो. ‘या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का?’ असे दुकानात विचारले की ‘चालेल’ हेच उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत विकला गेलेला इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा जवळजवळ कोणताही लॅपटॉप लिनक्सने सुरू होतो. विचारायला हवे ते असे, की झाकण लावून पुन्हा उघडल्यावर वाय-फाय परत जोडले जाते का, माइकमधून आवाज जातो का, आणि तिसऱ्या वर्षी बॅटरी किंवा कीबोर्ड गेला तर तो सुटा मिळून घरच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हरने बदलता येतो का. खेड्यात राहणाऱ्याने ‘भरवशाचा लॅपटॉप’ याचा अर्थ ‘उघडता येणारा लॅपटॉप’ असा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि खालील सगळी निवड त्या एका कसोटीवर केलेली आहे.

तीस हजारांत नवा लॅपटॉप मिळतो. मात्र ती किंमत गाठण्यासाठी कंपनीने कुठेतरी हात आखडता घेतलेला असतो आणि तो बहुधा अशा जागी असतो, जी खोक्यावर छापलेली नसते. रॅम मदरबोर्डालाच सोल्डर केलेली असते, काही स्वस्त यंत्रांत एसएसडी या वेगवान डिस्कऐवजी बोर्डावर कायमची जडवलेली ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी ही संथ साठवण असते, आणि बिजागरी प्लॅस्टिकच्या पातळ कवचात बसवलेल्या छोट्या पितळी नटांवर उभी असते, जी दोन-तीन उन्हाळ्यांनंतर कवचासकट उखडते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती लॅपटॉपांत ‘झाकण उघडताना कट्ट वाजले’ ही तक्रार घेऊन आलेले फार असतात, आणि त्यावर फेव्हिक्विक हा उपाय नव्हे, हे मला दर महिन्याला कोणाला तरी सांगावे लागते. ‘डॉसवाला’ म्हणून, म्हणजे विंडोजशिवाय, स्वस्तात विकला जाणारा लॅपटॉप लिनक्ससाठीच बनवलेला आहे, हाही एक गैरसमज आहे. त्यात फक्त विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचवलेले असतात. आतले भाग लिनक्सला मानवतील की नाही, याचा कोणी विचार केलेला असेलच असे नाही.

त्यामुळे तुमच्या रकमेत मी मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून तीन-चार वर्षे वापरून बाहेर पडलेला, ‘बिझनेस’ मालिकेतला सेकंडहँड लॅपटॉप सुचवतो. लेनोवोची थिंकपॅड टी मालिका, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक ही त्यांतील नेहमी दिसणारी नावे आहेत. ही यंत्रे हजारोंच्या संख्येने एकदम विकली जातात आणि कार्यालयातील तंत्रज्ञाने ती जागेवरच दुरुस्त करावीत, या हिशेबाने बनवलेली असतात. खालचे कवच साध्या स्क्रूंनी निघते, बॅटरी आणि रॅम सुटी असते, आणि कोणता स्क्रू कुठला हे चित्रांसह सांगणारी देखभाल पुस्तिका कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवते. ती पुस्तिका समोर ठेवून तुमची अकरावीतली मुलगी पंखा साफ करू शकेल. एकाच मॉडेलची यंत्रे बाजारात भरपूर असल्यामुळे बंद पडलेल्या यंत्रांचे कीबोर्ड, पडदे आणि बिजागऱ्याही मिळत राहतात.

लिनक्सच्या दृष्टीनेही या मालिकांचे पारडे जड आहे. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावर, काम करणारे पुष्कळ अभियंते स्वतः हीच यंत्रे वापरत आले आहेत, त्यामुळे त्यांतील बारीकसारीक अडचणी लवकर सापडतात आणि लवकर सुटतात. लेनोवोने २०२० साली थिंकपॅड पी मालिकेसह आपली सगळी वर्कस्टेशन यंत्रे लिनक्ससाठी प्रमाणित करण्याचे जाहीर केले. उबुंटू हे लिनक्सचे लोकप्रिय वितरण (वापरायला तयार संच) बनवणारी कॅनॉनिकल ही कंपनी प्रमाणित यंत्रांची यादी प्रसिद्ध करते, आणि तीत डेल, एचपी व लेनोवो या तिघांचीही अनेक मॉडेल सापडतात. ती यादी पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रमाणपत्र ठरावीक प्रोसेसर, ठरावीक वाय-फाय कार्ड आणि उबुंटूची ठरावीक आवृत्ती एवढ्यापुरतेच असते. त्याच नावाच्या, पण वेगळे कार्ड असलेल्या यंत्राला ते आपोआप लागू होत नाही. शिवाय लेनोवो आणि डेल आपल्या अनेक, तर एचपी काही बिझनेस यंत्रांच्या बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीचे) अपडेट एलव्हीएफएस या लिनक्ससाठीच्या सेवेवर ठेवतात, त्यामुळे ते लिनक्समधूनच बसवता येतात. घरगुती स्वस्त यंत्रांत बायोस बदलण्यासाठी पुष्कळदा विंडोजच लागते.

आता प्रोसेसरच्या पिढीविषयी. इंटेलच्या लॅपटॉपसाठीच्या यू मालिकेत सातव्या पिढीपर्यंत आय-५ ला दोनच कोर असत. २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या आठव्या पिढीपासून ते चार झाले. ही उडी वापरताना जाणवते, म्हणून आठव्या पिढीच्या खाली जाऊ नये. विंडोज ११ ने आपली अधिकृत सीमा साधारण याच पिढीवर आखल्यामुळे आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाजारात फार स्वस्तात आली आहेत. लिनक्सला ती अगदी चालतात, आणि रक्कम दहा-बारा हजारच असती तर मी तीच सांगितली असती. तुमच्याजवळ तीस हजार आहेत, आणि उद्या मुलीच्या महाविद्यालयाने एखाद्या विषयासाठी विंडोजच मागितले तर आठव्या पिढीच्या यंत्रावर तेही बसवता येईल.

मॉडेलच सांगायचे तर थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९० आणि एलिटबुक ८४० जी५ यांपैकी जे चांगल्या स्थितीत मिळेल ते घ्यावे. या चारही यंत्रांत रॅमचे दोन सुटे खाचे आहेत. नावातील एखाद्या अक्षराकडे दुर्लक्ष करू नका: टी४८० आणि टी४८०एस ही सख्खी भावंडे वाटतात, पण टी४८०एसमध्ये काही रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असून खाचा एकच आहे, आणि दिसायला सर्वांत देखण्या एक्स१ कार्बनमध्ये तर सगळीच रॅम सोल्डर केलेली असते. टी४८० ची मोठी सोय म्हणजे त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून निघणारी. आतल्या बॅटरीत चार्ज असेपर्यंत यंत्र चालू ठेवूनच बाहेरची बॅटरी बदलता येते. वीज सारखी जाणाऱ्या घरात ही गोष्ट इन्व्हर्टरपेक्षा कमी मोलाची नाही. त्याची उणी बाजू अशी की तो यूएसबी-सी पोर्टवरूनच चार्ज होतो आणि तो पोर्ट मदरबोर्डाला सोल्डर केलेला असतो. चार्जर लावलेला लॅपटॉप खाटेवर घेऊन बसायची आणि वायरीला हिसके द्यायची सवय घरात असेल, तर गोल पिनचा चार्जर घेणारे लॅटिट्यूड किंवा एलिटबुक बरे, कारण गोल पिनची जोडणी बहुधा छोट्या वायरीसह सुटी येते आणि थोडक्या पैशांत बदलता येते.

यापुढे सगळ्यांत महत्त्वाचा भाग येतो आणि तो नेमका दुकानदाराला माहीत नसतो. तो म्हणजे वाय-फाय कार्ड. लिनक्सविषयी माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सर्वाधिक याच एका तळहाताएवढ्याही नसलेल्या पट्टीच्या आहेत. इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारी आज्ञावली, कर्नलमध्येच असतो आणि त्यासाठी लागणारे फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, बहुतेक वितरणांसोबत येते, त्यामुळे ती पहिल्याच सुरुवातीला चालू होतात. वर सांगितलेल्या यंत्रांत बहुधा इंटेलचीच कार्डे असतात, तरी खात्री करावी. रिअलटेकची काही स्वस्त कार्डे पूर्वी फार त्रास देत, आता त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आले आहेत, तरीही झोपेतून उठल्यावर जोडणी तुटणे किंवा ब्लूटूथ गायब होणे असे प्रकार मी अजून पाहतो. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवून घ्यायला इंटरनेट लागते, जे त्या कार्डावाचून मिळत नाही. असा पेच पडला तर अँड्रॉइड मोबाइल डेटा-केबलने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्स ही जोडणी वेगळा ड्रायव्हर न मागता ओळखते. निम्मी रात्र वाचवणारी ही युक्ती मला कोणी पहिल्या वर्षीच सांगायला हवी होती.

कार्ड बदलायची वेळ आली तर इंटेलची एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावीत. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही नावे जवळची असली तरी ती कार्डे ठरावीक इंटेल चिपसेटवरच चालतात, इतर यंत्रांत नुसती खाच्यात बसतात. काही जुन्या यंत्रांचे बायोस कंपनीने मंजूर केलेलेच कार्ड स्वीकारते, तेव्हा नवे कार्ड परत करता येईल अशा बोलीनेच आणावे.

ग्राफिक्सबाबत थोडक्यात: एनव्हिडियाचे वेगळे कार्ड नसलेला लॅपटॉप घ्या. एनव्हिडियाचा ड्रायव्हर आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला आहे, पण तो वेगळा बसवावा लागतो, सिक्युअर बूट (सही नसलेली आज्ञावली अडवणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर त्याची किल्ली नोंदवावी लागते, आणि शिवाय ते कार्ड उष्णता वाढवते व बॅटरी खाते. तुमच्या कामांना आणि अकरावीच्या प्रोग्रॅमिंगला इंटेलचे किंवा एएमडीचे अंगभूत ग्राफिक्स पुरेसे आहे. रॅम ८ जीबी ही किमान मर्यादा माना, १६ मिळाली तर उत्तम. साठवणीसाठी २५६ जीबीची एसएसडी पुरे. पडद्याच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. या मॉडेलांच्या काही प्रतींत १३६६ बाय ७६८ चा फिकट पडदा असतो. देवनागरीतील जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार त्यावर दिवसभर वाचणे डोळ्यांना जड जाते. १९२० बाय १०८० चा आयपीएस पडदाच मागा. बोटाच्या ठशाने लॉगिन होण्याची आशा ठेवू नका, कारण त्या काळातील अनेक सेन्सरांना लिनक्समध्ये अधिकृत ड्रायव्हर नाही. तुम्हाला त्याची गरजही नाही.

खरेदी नागपूरच्या सीताबर्डीतून करा किंवा यवतमाळ-अमरावतीहून, पैसे देण्यापूर्वी यंत्र स्वतःच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहणे हा माझ्या लेखी न मोडण्याचा नियम आहे. घरून निघण्यापूर्वी १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर वेंटॉय (पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून देणारे साधन) बसवावे आणि त्यात लिनक्स मिंट या वितरणाची आयएसओ फाइल व मेमटेस्ट (रॅम तपासणारे साधन) टाकावे. फाइल जवळजवळ तीन जीबीची असते, त्यामुळे ती शाळेत किंवा जिथे इंटरनेट बरे असेल तिथे आदल्या दिवशीच उतरवून घ्यावी. पेनड्राइव्हवरून मिंट ‘लाइव्ह’ चालते, म्हणजे आतल्या डिस्कला हातही न लावता सगळी प्रणाली दिसते. एवढेही करू द्यायला दुकानदार नाराज असेल, तर दुकान बदला.

सर्वांत आधी बायोसमध्ये शिरून पाहा. सुरू होताना थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२ आणि एचपीला एफ१० दाबावे लागते. तिथे पासवर्ड मागितला तर यंत्र तिथेच ठेवून बाहेर पडा. मी स्वतः एकदा शहरातील एका व्यापाऱ्याकडून सहा लॅपटॉप एकदम आणले होते. सगळे सुरू होत होते, विंडोज दिसत होते, म्हणून मी बायोस उघडलेच नाही. परत आल्यावर त्यांतल्या तिघांना आधीच्या कंपनीचा सुपरवायझर पासवर्ड निघाला. तो माहीत नसला तर बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट बदलता येत नाही, आणि थिंकपॅडमध्ये तर बटण-सेल काढल्यानेही तो जात नाही. व्यापाऱ्याने हात वर केले. ते तिन्ही लॅपटॉप मी सुट्या भागांसाठी उघडले, आणि तेव्हापासून मी यंत्राचे बाह्यरूप सगळ्यांत शेवटी पाहतो.

बायोस मोकळे निघाले की पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करा. त्यासाठी थिंकपॅड आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९. मोबाइलच्या हॉटस्पॉटला वाय-फाय जोडा आणि एखादा व्हिडिओ पाच मिनिटे चालू ठेवा. आवाज रेकॉर्ड करून ऐका, कारण स्पीकर वाजतो पण माइक मुका, असे प्रकार होतात. कॅमेरा उघडा, कीबोर्डची प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये काहीतरी लावून पाहा. त्यानंतर झाकण मिटून दुकानदाराबरोबर चहा घ्या आणि दहा मिनिटांनी झाकण उघडा. पडदा लगेच जागा झाला, वाय-फाय आपोआप जोडले गेले आणि यंत्र गरम झालेले नसेल, तर लिनक्सबाबतची सर्वांत अवघड परीक्षा ते उत्तीर्ण झाले असे समजा. यातली झोपेची परीक्षा इतर कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जाते. वेळ असेल तर मेमटेस्टची एक फेरी होऊ द्या. लाइव्ह प्रणालीला आतली एसएसडी दिसली नाही तर घाबरू नका. डेलमध्ये अनेकदा डिस्कची रीत ‘रेड’वर ठेवलेली असते, ती बायोसमध्ये ‘एएचसीआय’ केली की डिस्क दिसू लागते. डिस्क दिसल्यावर मिंटमधील डिस्क्स या उपयोजनात तिचा आरोग्य-अहवाल आणि किती तास ती चालू होती, हे वाचता येते.

बॅटरी तपासताना टक्के पाहू नका. पॉवर स्टॅटिस्टिक्स या उपयोजनात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता हे दोन आकडे वॅट-अवरमध्ये दिसतात. समजा, मूळ ५० आणि आता ३१ असेल, तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे आणि वर्षभरात ती बदलावी लागेल. तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्या. टचपॅड वर उचललेला वाटला किंवा खालचे कवच फुगलेले दिसले, तर आतली बॅटरी फुगली आहे. असे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी त्याच बॅटरीसह घरी आणू नका. बिलावर मॉडेल, अनुक्रमांक आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्यावी, कारण तोंडी हमीचे आयुष्य दुकानाच्या पायरीपर्यंतच असते.

आता आपल्या भागाविषयी. यंत्र कोणतेही घ्या, विदर्भातला मे महिना त्याची परीक्षा घेणारच आहे. खोलीचे तापमानच ४० अंशांच्या वर असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि वापरणाऱ्याला वाटते की लिनक्स हळू झाले. टिनाच्या छपराखाली दुपारी लॅपटॉप न चालवलेलाच बरा. त्याहून मोठी चूक म्हणजे तो कूलरच्या पुढ्यात ठेवणे. कूलरची हवा ओलसर असते, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि ते बारीक तुषारांबरोबर आत जाऊन बोर्डावर पांढरी बुरशी आल्यासारखे साचतात. जूनमध्ये बंद पडून येणाऱ्या यंत्रांत अशी पांढरी पडलेली पुष्कळ असतात. कूलर चालू असेल तर लॅपटॉप त्याच्या झोतापासून बाजूला ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे कुटार आणि पुढे कापसाचा तंतू हवेत असतो. तो पंख्याजवळच्या जाळीत नमद्यासारखा बसतो. वर्षातून एकदा, कापूस विकून झाल्यावर, खालचे कवच काढून ब्रशने जाळी साफ करावी आणि दोन-तीन वर्षांतून एकदा थर्मल पेस्ट बदलावी. उघडता येणाऱ्या यंत्राचा माझा आग्रह मुख्यतः यासाठीच आहे.

उष्णतेबरोबरच पूर्ण भरलेली राहणेही लिथियम बॅटरीला झिजवते, आणि वीज जाईल या भीतीने आपण ती सदैव शंभर टक्के भरून ठेवतो. लिनक्समध्ये टीएलपी हे साधन बसवून थिंकपॅडची बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवता येते. डेलमध्ये हीच सोय बायोसमध्ये दिलेली आहे. वीज दिवसभर जाणार असे आधी कळले असेल, त्या दिवसापुरती मर्यादा काढून टाकावी. पावसाळ्याच्या तोंडावर आभाळ कडाडू लागले की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा; स्पाइक गार्ड विजेचे छोटे झटके सोसतो, जवळ पडलेली वीज सोसत नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा लॅपटॉपचा नसून घरात अर्थिंग नसल्याचा किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडाने लावल्याचा असतो. एवढ्या कामासाठी मात्र वायरमन बोलवाच.

वितरणाची निवड सोपी आहे. लिनक्स मिंट २२ घ्या. ते उबुंटू २४.०४ वर आधारलेले असून त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि विंडोजवरून येणाऱ्याला त्याचा मेनू परका वाटत नाही. मुलीला पुढे आवड वाढली तर ती डेबियन किंवा फेडोरा स्वतःहून बसवील. पायथॉन आधीच असते, सी भाषेचा कंपायलर एका आज्ञेत बसतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी प्रणालीतच मिळते, नोटो आणि लोहित हे देवनागरी फॉन्ट मिंटच्या सॉफ्टवेअर भांडारातून मिळतात, आणि लिब्रऑफिसमध्ये प्रश्नपत्रिका छान होतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका असतील तर तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकून त्या उघडता येतात, परंतु त्या एकदाच युनिकोडमध्ये बदलून घेणे दीर्घकाळ सोयीचे ठरेल. यूडायस प्लससारखी कामे ब्राउझरमधूनच होतात.

अडचण येते ती बाहेरून जोडायच्या यंत्रांची, आणि त्यांच्याविषयी लोक लॅपटॉप घेतल्यावर विचारतात. आपल्याकडे शाळांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर कॅननच्या स्वतःच्या, कॅप्ट नावाच्या भाषेत बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना असून नव्या वितरणांवर तो बसवणे खटपटीचे आहे. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण वीज गेली की तो आपले फर्मवेअर विसरतो आणि ते संगणकाने त्याला दर वेळी नव्याने द्यावे लागते. एचपीलिप हे साधन नीट बसवले की हे आपोआप होते. एप्सनचे शाईच्या टाकीचे प्रिंटर सहसा विनातक्रार चालतात. नवा प्रिंटर घ्यायचा झाल्यास ड्रायव्हरशिवाय छापणारा, म्हणजे आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट असे लिहिलेला घ्यावा. आधारसाठी अंगठा घेणारे यंत्र किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन तुमच्या कामात असेल, तर त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावर लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, हे आधी पाहा. टॅलीही विंडोजसाठीच बनते. या तिन्हींपैकी काही रोज लागत असेल, तर एसएसडीचा एक भाग विंडोजसाठी ठेवायला लाजू नका, असे मी म्हणेन.

राहिला तुमचा २०१६ चा लॅपटॉप. तो भंगारात देऊ नका, आणि नवी खरेदी करण्याआधी त्यावरच सुरुवात करा. त्यात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून २.५ इंची साटा एसएसडी बसवा, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, आणि मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. बसवण्यापूर्वी फोटो आणि शाळेची कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यायला विसरू नका. महिनाभर त्यावर दोघांनी आपापली खरी कामे करावीत. कोणता प्रिंटर अडतो, कोणते संकेतस्थळ कुरकुरते, मुलीला रॅम कमी पडते की नाही, हे त्या महिन्यात कळेल आणि मग सीताबर्डीत जाताना नेमके काय तपासायचे याची यादी तुमच्या हातात असेल. दुसरा लॅपटॉप आल्यावर या जुन्यातली एसएसडी बाहेरच्या यूएसबी खोक्यात घालून बॅकअपसाठी वापरता येईल, किंवा ती तशीच ठेवून मुलीला बिनधास्त उघडण्या-जोडण्याचा सराव करायला तो लॅपटॉप देता येईल.